बॉनेटवर दोनदा

१९ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. मी बरी आहे. थंडीने तुझे गुडघे फार छळत नसतील असं धरून चालते. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

गाडी भंगारात द्यायची नाही. दुरुस्त झाली. मीच केली. 'हात दाखवून अवलक्षण' म्हणशील, पण आधी ऐक.

पांढरा धूर येत होता. रेडिएटरमधलं पाणी रोज कमी व्हायचं आणि खाली मात्र थेंब नाही. ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चहासारखा चिकटा. हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं पातळ अस्तर फाटून पाणी ऑइलमध्ये शिरतंय, हे ह्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ आहे. पण खात्री करून घ्यायला दोघं लागतात. एकाने आत बसून अॅक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्याने रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते बघायचं. आमच्यात आत बसायचं काम माझं. ह्यांनी बॉनेटवर पान्याने दोनदा टकटक केली, की मी पाय उचलायचा. त्यामुळे इतक्या वर्षांत बुडबुडे कसे दिसतात हेच मला ठाऊक नव्हतं. हे गेल्यावर आता बाहेरचं कामही माझंच. पेडलवर वीट ठेवली आणि पुढे येऊन पाहिलं. भराभरा वर येत होते. "दिसले हो," मी मोठ्याने म्हणाले. मग वीट काढायला मलाच परत आत जावं लागलं.

हेड, म्हणजे इंजिनाचा तो वरचा जड भाग, उचलायला समोरचा शिंपी आला. "टाका उसवला असेल तर सांगा वहिनी, शिवून देतो," म्हणाला. मी हसले, खूप दिवसांनी. लेथवाल्याने हेड घासून सपाट करून दिलं. नवं गॅस्केट घालून बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळले. एकच बाजू आवळली की दुसरी तोंड वर करते, असं हे म्हणायचे आणि आपल्या दोघींकडे बघायचे.

बाजारातून येताना गाडी तापली आणि त्यातच बिघडली असं मी तुला सांगितलं होतं. बाजार कोपऱ्यावर आहे ताई, तिथे गाडी कोण नेतं? मी नुसती फिरत होते. रोजच फिरते. कुलूप काढून रिकाम्या घरात शिरवत नाही. काटा लाल रेघेवर गेलेला मला दिसत होता, पण थांबले असते तर घरी यावं लागलं असतं.

काल गाडी चालू केली. धूर नाही, बुडबुडे नाहीत. आत बसून अॅक्सिलरेटर दाबून धरला. काटा मध्यावर आला, तिथेच राहिला. काम झालं होतं, तरी पाय उचलेना. मी टकटकीची वाट बघत होते. शेवटी शिंपी रस्ता ओलांडून आला. "वहिनी, पेट्रोल फुकट मिळालंय का?" तेव्हा कुठे भानावर आले.

तू तुझ्याकडे राहायला बोलावतेस, पण हे घर मला सोडवणार नाही. त्यापेक्षा तूच ये. शनिवारी न्यायला येते. गुडघ्यांची सबब चालायची नाही, पुढची सीट मागे सरकवून ठेवली आहे.

आल्यावर गाडी एकदा पुन्हा तपासायची आहे. तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही, कळायला नकोच. तू अंगणात खुर्ची टाकून बस. मी आत बसेन. तुला वाटेल तेव्हा बॉनेटवर दोनदा वाजव, म्हणजे मी पाय उचलेन.

आत बसलेली,
तुझी धाकटी