गज्याची लाल पेन्सिल

६ जुलै १९८१, सोमवार
पांढुर्ण्याला मतिमंदांचा वर्ग चालवणाऱ्या प्रतिभाबाई सौंसरला, आमच्या घरी टपकल्या. 'बसने एकटं कसं जावं' हे सोप्या भाषेत लिहून द्या म्हणे. गावातली झाडून सगळी मानपत्रं लिहिणाऱ्या माणसाला हे काम! होकार दिला तो आमच्या गज्यामुळे. धाकटा भाऊ, वय सव्वीस, वाचतो अक्षरं लावून लावून. दर शनिवारी त्याला जामसांवलीच्या हनुमानाला नेताना माझा दिवस वाया. आता एकटाच जातो म्हणून डोकं खाऊन राहिला. असो. दोन दिवसांत पुस्तिका हातावेगळी करतो.

८ जुलै
पहिलं वाक्य जमलं. 'प्रवास हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक होय.' याहून सोपं काय लिहायचं?

१२ जुलै, रविवार
बाईंची अजब सिस्टिम. वाचणाऱ्याला लाल पेन्सिल द्यायची. समजलं नाही त्याखाली त्याने रेघ मारायची, समजलं ते कोरं सोडायचं. म्हणजे पंधरा वर्षं मास्तरकी करून माझा पेपर गज्या तपासणार. चौदा पानांपैकी 'बस' हा शब्द तेवढा सुटला. बाईंनीच फितवलं असणार. गज्याला काही समजत नाही.

१५ जुलै
पुस्तिका नऊ पानांवर आणली. गज्याने विचारलं, वाहक म्हणजे कोण. कंडक्टर, म्हटलं. तर म्हणतो, मंग तसं लिही ना दादा. याला माज म्हणतात.

१९ जुलै
उषाने पोळ्या लाटता लाटता कागदावर खरडलं. जामसांवलीची पाटी पाहा. कंडक्टरला गाव सांग. तो सांगेल तिथे उतर. येताना पुन्हा कंडक्टरला सौंसर सांग. गज्याने एकही रेघ मारली नाही. किराण्याची यादी आहे ती, साहित्य नव्हे. बायकोला तसं सुनावलं. जेवण गार मिळालं.

२५ जुलै, शनिवार
सकाळी गज्या एकटाच गेला. खिशात उषाचा कागद. मला विचारलंसुद्धा नाही. दुपारी धड परत आला. प्रसाद उषाला दिला, बाईंचा पुडीत बांधून ठेवला. माझ्या वाट्याला काही नाही.

संध्याकाळी लिहायला बसलो तर ही डायरी टेबलावर उघडी, वर लाल पेन्सिल. सहा तारखेपासून पानंच्या पानं रेघा. इथेतिथे एखादा शब्द सुटलाय. उषाच्या कागदातल्या ओळी सोडल्या तर सबंध कोरं वाक्य एकच, बारा तारखेचं शेवटचं.

गज्याला काही समजत नाही.