अंबाजीचा कान

मंठाळ, १९७८

तीर्थस्वरूप जनाअक्का यांस शकूचा नमस्कार.

तुमचा भाऊ, माझा दीर अंबाजी भिंतीवर डोकं आपटायला लागला, तेव्हा गाव म्हणालं, "जन्माचा मंदबुद्धी, आता येडा झाला." तुम्हीही त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा म्हणून कळवलंत. पण तो कान धरून रडायचा, ते मी बघत होते.

परक्यानं हात लावला की तो पळतो. म्हणून आधी आम्ही घरीच बॅटरी लावून एकमेकांचे कान बघायचा खेळ केला. मग बसवकल्याणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मलाच विचारू लागल्या. मी म्हणाले, "बाई, त्यालाच इच्यारा. हळू बोला, त्याला कळतंय."

बाईंनी बॅटरी त्याच्या हातात दिली, आधी स्वतःचा कान दाखवला. मग अंबाजी आपणहून वळला. "हितं दुखायलंय."

आत सुजलेला कान, त्यात ज्वारीचा दाणा! बाईंनी तो काढला, औषध घातलं, आणि डोकं आपटणं थांबलं.

बसस्टँडवर दिसेल त्याला तो सांगत सुटला, "म्या डागदरला सांगितलो!"

हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. तो म्हणतोय, "वैनी, अक्काला म्याच सांगणार." संक्रांतीला याल तेव्हा मी एवढंच म्हणेन, ऐका, मध्ये बोलू नका. वेळ लागतो त्याला, पण सगळं सांगतो.

तुमची भावजय,
शकू