बिनधुराचा पाव

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

काउंटरच्या काचेवरची काजळी ओल्या फडक्याने पुसत होतो. पुसून झाल्यावर फडके आणि काच यांत जास्त काळे कोण ते कळेना. हीच काजळी बाबांच्या छातीत बसली आहे असे डॉक्टर म्हणाले. फोटोही दाखवला. मला त्यातले काही समजले नाही, पण मी मान हलवली.

काल ताई बाबांना आपल्या घरी घेऊन गेली. महिनाभर भट्टीजवळ फिरकायचे नाही. जाताना बाबा म्हणाले, बेकरी तुझ्या ताब्यात देतोय, नवीन काही करू नकोस, आहे ते सांभाळ. डॉक्टर मात्र म्हणाले होते, परत येऊन त्याच धुरात उभे राहणार असतील तर ही औषधे देऊन उपयोग नाही.

म्हणजे दोन परस्परविरोधी सूचना. पूर्ण विचाराअंती डॉक्टरांची पाळायचे ठरवले.

संकल्प : बाबा परत येतील तेव्हा या बेकरीत धुराचा कण नसेल.

ही वही खाजगी आहे. आई वाचत असेल तर तिने इथेच थांबावे.

४ मार्च, बुधवार. दुपारी

ऊर्जेचा अभ्यास केला. माळ्यावरून शाळेचे पुस्तक काढले. दहावीनंतर शिकायचे राहून गेले, पण या धड्यातली प्रत्येक ओळ मी तेव्हाच अधोरेखित केली होती. पाया पक्का आहे.

तक्ता आखला. कोळसा, डिझेल : संपणारे. ऊन, वारा : न संपणारे. लाकूड कुठे घालावे ते ठरेना. झाड पुन्हा उगवते, पण जाळलेले ओंडके काही परत येत नाहीत. भट्टीवाल्या काकांना विचारले. माझ्या जन्माआधीपासून ते आमची भट्टी सांभाळतात. म्हणाले, लाकूड संपतं की नाही ते वखारवाल्याचं बिल आलं की कळतं. लाकूड दोन्ही रकान्यांत लिहिले.

वारा : गच्चीवर रुमाल धरून अर्धा तास उभा राहिलो. हलला नाही. वारा रद्द.

तारेतली वीज : ती येते कोळशातून. ती घेतली म्हणजे आपला धूर कोणा दुसऱ्याच्या बाबांच्या छातीत. हे मला पटणारे नाही. शिवाय ओव्हन चालेल इतका लोड वाढवून द्यायला किमान दोन महिने लागतील असे वीज कचेरीतले साहेब म्हणाले. पण मुख्य कारण तत्त्वाचे.

उरले ऊन.

६ मार्च, शुक्रवार

पॅनलवाला येऊन गेला. सभ्य माणूस. मला साहेब म्हणाला. त्याच्या माहितीपत्रकात 'नवीकरणीय'मधला वी ऱ्हस्व होता. पेनाने दुरुस्त करून परत दिले. त्याने आभार मानले.

गच्चीवर दहा किलोवॉटचे पॅनल बसतील. मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. गच्चीवर ऊन असते अकरा तास. अकरा दाहे एकशे दहा. म्हणजे दिवसाला एकशे दहा युनिट. विजेच्या ओव्हनला लागणार नव्वद. वीस शिल्लक! पॅनलवाला म्हणाला, साहेब, अगदी तसं नसतं. मी म्हणालो, अकरा दाहे एकशे दहा सगळीकडे तसंच असतं. तो हसला. त्याला पटले असे धरतो.

आई म्हणाली, ऊन फुकट आहे म्हणतोस, मग कर्ज कशाला? तिला समजावले की ऊन फुकट, ते धरायचे भांडे महाग. ती म्हणाली, माझे कपडे तर बिनभांड्याचे वाळतात.

९ मार्च, सोमवार

काकांनी शंका काढली. पाव आपण रात्री भाजतो, रात्री ऊन कुठून आणणार?

हा मुद्दा माझ्या लक्षात होताच. फक्त वहीत लिहायचा राहिला होता.

रात्रभर ओव्हन चालवतील एवढ्या बॅटऱ्यांची किंमत फोनवर विचारली. फोन ठेवून पाणी प्यायलो. बॅटऱ्या रद्द. त्यापेक्षा सोपा उपाय सुचला : पाव दिवसा भाजायचा. काका म्हणाले, मग सकाळचा पाव? म्हटले, संध्याकाळी. काका म्हणाले, बरं, मग लोकांनाही सांगून ये, चहा आता झोपताना घ्या म्हणावं.

माणसाला सवय असते, ती बदलता येते. काकांना हे कळणार नाही. हॉस्पिटलच्या कँटीनच्या बाई समजूतदार आहेत. आपला निम्मा पाव त्याच घेतात. त्यांना मी स्वतः समजावीन.

११ मार्च, बुधवार

आईच्या सहीने बँकेचे कर्ज मंजूर. सही करताना ती म्हणाली, बाबांना विचारलंस? म्हटले, त्यांना ताण द्यायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

थोडे पैसे कमी पडत होते. मागच्या पत्र्याखालचे सगळे वाळलेले लाकूड कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला विकले. छत्तीस हजार आले. ओंडके टेम्पोत भरताना तो सारखा हसत होता. मला त्याची कीव आली. बिचारा आता वर्षभर धुरात अडकला.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ९.००

पॅनल बसले. ओव्हन आला. स्टीलचा आहे, त्यात चेहरा दिसतो. पहाटेचा पाव हा भट्टीतला शेवटचा. काकांना सांगितले, आता विझवा.

काका ऐकेनात. म्हणाले, बांधल्यापासून ही कधी गार पडलेली नाही, एकदम गार केलीस तर विटा तडकतील, दोन ओंडक्यांची धुगधुगी तरी राहू दे. मी म्हणालो, थोडी धुगधुगी म्हणजे थोडा धूर, आणि तत्त्वात थोडे नसते. शेवटी निखारे मीच ओढून बाहेर काढले आणि वर पाणी टाकले. फार वाफ झाली. काकांनी पंच्याने तोंड पुसले आणि म्हणाले, तुझ्या बाबांना तूच सांग, मी त्या दिवशी सुट्टीवर आहे.

मन हलके वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चिमणीतून आकाश दिसले.

१८ मार्च, बुधवार

उन्हावरचा पहिला दिवस. अकरा ते दोन अप्रतिम पाव. कडेने सोनेरी, एक डाग नाही, राखेचा वास नाही. आईलाही दाखवला. ती म्हणाली, छान झालाय. हे तिचे शब्द आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

तीननंतर ओव्हन नरम पडत गेला. साडेचारला बंद. उरलेल्या ट्रेंमधला पाव वर पाव आणि आत पीठ. दिवसाची बेरीज : त्रेचाळीस युनिट.

पॅनलवाल्याला फोन केला. म्हणाला, साहेब, भर दुपारचे चार-पाच तासच खरे, सकाळ-संध्याकाळचं ऊन बघण्यापुरतं. मी म्हणालो, हे आधी का नाही सांगितले? म्हणाला, सांगत होतो, तुम्ही पाढा म्हटलात.

कँटीनच्या बाईंकडे तीन वाजता स्वतः पाव घेऊन गेलो. धूर, फुप्फुसे, पृथ्वी, सगळे समजावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, भाऊ, पटलं सगळं, पण माझे पेशंट सकाळी सातला गोळ्या घेतात, तोपर्यंत त्यांना पृथ्वी खाऊ घालू का? शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे.

२० मार्च, शुक्रवार

ढग. अकरा युनिट. तक्त्यात ढगांचा रकाना नव्हता. आखला.

२१ मार्च, शनिवार

कँटीनची ऑर्डर कोपऱ्यावरच्याकडे गेली. बाईंनी फोन करून वाईट वाटते असे सांगितले. चांगल्या आहेत. शिवाय तो सध्या आपल्याच लाकडावर भाजतो आहे, म्हणजे एका अर्थी हॉस्पिटलला पाव अजून आपलाच जातो. संबंध तुटला असे म्हणता येणार नाही.

ताईचा फोन आला. बाबांचा खोकला जवळजवळ थांबला. न थांबता जिना चढले. मला फार आनंद झाला. तिने विचारले, तिकडे काय चाललंय? म्हटले, धुराचे बघितले आहे. ती म्हणाली, शहाणा माझा भाऊ.

हे वाक्यही लिहून ठेवतो.

२३ मार्च, सोमवार

तात्पुरती माघार. तत्त्व कायम. ओव्हनसाठी पुरेशी वीज मिळेपर्यंत भट्टी पेटवायची.

कोपऱ्यावरच्याकडून लाकूड परत आणले. चोपन्न हजार. म्हटले, हे आपलेच आहे. तो म्हणाला, म्हणून तर स्वस्तात देतोय.

काका म्हणाले, आठवडाभर बारीक जाळ द्यावा लागेल, हळूहळू चढवू. मी म्हणालो, आठवडा कुठला, उद्या पहाटे पाव हवा. काका भट्टीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. मी त्यांना मालकाच्या नात्याने बाजूला व्हायला सांगितले. हा शब्द मी त्यांच्याशी पहिल्यांदाच वापरला. ते बाजूला झाले.

२४ मार्च, मंगळवार. पहाटे

भट्टीच्या कमानीला तडा गेला. पंजा आत जाईल एवढा. काका पंचा झटकून घरी निघून गेले. त्यांच्या स्वभावात हे बसत नाही, तब्येत बरी नसावी.

मात्र नोंद : धूर आज शून्य.

२७ मार्च, शुक्रवार

जनरेटर आणला. जुना, पण आवाज खणखणीत. डिझेलवर चालतो. डिझेल संपणाऱ्या रकान्यात येते हे मान्य, पण ते संपले की पंपावर मिळते. ऊन संपले की कुठे मिळते? हा विचार पुस्तकात कोणी केलेला नाही.

ओव्हन आता रात्रभर चालतो. पाव सकाळी सहाला तयार. कँटीनच्या बाईंनी निम्मी ऑर्डर परत दिली. दुपारच्या उन्हावर आईचा मिक्सर, पंखे आणि अख्ख्या गल्लीचे मोबाईल चालतात. एकूण मिश्र पद्धत.

जनरेटर मागच्या बाजूला, बाबांच्या खिडकीखाली ठेवावा लागला, दुसरीकडे पाण्याची टाकी आहे. आई म्हणाली, अरे, हा धूर नाही का? म्हटले, हा वेगळा. पातळ असतो. तिने खिडकी लावून घेतली आणि फटीत फडके कोंबले.

५ एप्रिल, रविवार

बाबा आले. गालांवर रंग होता. थेट भट्टीपाशी गेले. कमानीच्या तड्यात कोपरापर्यंत हात घातला. मग म्हणाले, गार आहे. मी ओव्हन दाखवला. त्यांनी दार उघडले, लावले, म्हणाले, चकचकीत आहे रे.

रात्री जनरेटर सुरू झाल्यावर त्यांनी विचारले, मागे ट्रक कुणाचा उभा आहे? आई म्हणाली, ट्रक नाही, ते तुमच्या मुलाचं ऊन आहे.

बाबा हसले. हसता हसता खोकला लागला. तो पहाटेपर्यंत पुरला.

८ एप्रिल, बुधवार

बाबांनी डिझेलचा हिशेब मागितला. दिला. माझा हिशेब स्वच्छ असतो, एक खाडाखोड नाही. त्यांनी तो दोनदा वाचला आणि काकांना बोलावणे पाठवले.

कमान नव्याने बांधायची ठरली. अशी कमान बांधणारा गवंडी आता मिळत नाही. ती बाबांना आणि काकांना येते. दोघे तोंडाला पंचा बांधून विटा घासत होते. सगळीकडे लाल भुकटी.

ताई आली. आधी आईला बोलली, मग काकांना, मग मला. मला म्हणाली, बरं करून पाठवलेलं माणूस चार दिवसांत असं केलंस. बाबांना म्हणाली, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला. बाबा म्हणाले, येतो की, आधी हप्ते फिटू देत. ती म्हणाली, ते तर पाच वर्षांचे आहेत. बाबा म्हणाले, मग पाच वर्षांनी येतो.

मी विटा उचलायला गेलो. बाबा म्हणाले, तू राहू दे, तू पंख्यांचं बघ. विटा घासून त्यांचा चेहरा लाल झाला होता. माणूस कामात असला की तब्येत सुधारते, हे डॉक्टरांना सांगायला हवे.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी ७.३०

बारीक जाळ आठवडाभर दिल्यावर काल भट्टी पूर्ण तापली. पाव पूर्वीसारखा झाला. कँटीनची पूर्ण ऑर्डर परत आली. जनरेटर बंद. चिमणी चालू.

बाबा रात्रभर भट्टीच्या तोंडाशी उभे होते. मी दोनदा म्हणालो, तुम्ही बाहेर बसा, मी उभा राहतो. म्हणाले, तुला आच कळत नाही. मी शिकवा म्हणालो. ते काहीतरी बोलणार होते, पण खोकल्यात राहून गेले. काकांनी त्यांना भिंतीला टेकवून बसवले. मी पाणी आणले. त्यांनी ते हातात धरले, प्यायले नाही.

आजअखेर हिशेब :

पॅनल आणि ओव्हन — ६,८०,०००
जनरेटर (जुना) — ९५,०००
डिझेल — २१,४००
लाकूड, परत घेतलेले — ५४,०००
विटा, माती — १२,०००
एकूण खर्च — ८,६२,४००
वजा लाकूड विक्री — ३६,०००
निव्वळ — ८,२६,४००

देणे : बँक ५,६०,०००. जनरेटरवाला ४०,०००. काकांचा पगार १५,०००. एकूण ६,१५,०००.

डॉक्टर, औषधे आणि बाबांच्या उशाशी ठेवायचा ऑक्सिजन : हा खर्च ताई करते. म्हणून यात धरलेला नाही.