चाळीस मिनिटांची सहा मिनिटं

३ मार्च, सोमवार
तपासनीसानं पुन्हा सगळे जबाब व्हिडिओवर घेऊन आणलेत. कशाला? कामगाराला अपघात कसा झाला ते ऐकायचं असतं, त्याचं थोबाड नाही बघायचं! एकेक फाइल दोन-दोन जीबीची. स्वतःला सिनेमावाला समजतो मेला.

सगळ्या एकदम कॉम्प्युटरवर टाकल्या, आवाज तेवढा काढून घेतला, एमपीथ्री केल्या. बावीस जबाब, एका चहात! एकही उघडून बघितला नाही. बघत बसायचं तर माझी अक्कल कशाला? व्हिडिओ उडवले, कार्ड पुसून परत दिलं.

४ मार्च
टायपिस्ट काका सकाळीच टेबलाशी हजर. "ताई, ह्या एका जबाबात बाई बोलतच नाहीयेत. नुसते तपासनीसाचे प्रश्न."

ऐकलं. खरंच! "गॅस सुटला तेव्हा तुम्ही कुठे होतात?" — गप्प. "मास्क दिला होता का?" — गप्प. मागे नुसती खर्र खर्र. तपासनीसाचा भंगार माइक, दुसरं काय! खरखर गाळली, रिकाम्या जागा कापल्या, त्याच फाइलवर सेव्ह केलं. चाळीस मिनिटांची सहा मिनिटं! माणूस भिंतीशी गप्पा मारत बसलाय. हसून हसून पुरेवाट झाली.

काका म्हणे, "व्हिडिओ एकदा बघू या का?" व्हिडिओ आहे कुठे! निवृत्तीला चार महिने राहिले आणि ह्यांना आता शंका सुचतात. म्हटलं, "काका, 'उत्तर दिले नाही' असं टाइप करा आणि मोकळे व्हा."

६ मार्च
केलं बाई टाइप काकांनी. एकतीस प्रश्न, एकतीस वेळा. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा!

१९ मार्च
त्या बाईचा भरपाईचा अर्ज फेटाळला. 'अर्जदाराने सहकार्य केले नाही.' बरं झालं. पैसे पाहिजेत, पण तोंड उघडायला नको! घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "घाबरली असेल बिचारी." ह्याला जगातलं सगळंच बिचारं वाटतं.

२४ मार्च, सोमवार
ती बाई आली होती. गळ्याला पट्टी, हातात मुलाची पाटी. बरोबर बहीण. बहीण साहेबांवर नुसती कडाडत होती — "गॅसनं घसा जळलाय तिचा! आवाजच राहिला नाही! एकेक उत्तर पाटीवर लिहून दाखवलं तिनं, तुमच्याच माणसाच्या फोनसमोर!"

बाईनं पाटी टेबलावर टेकवली आणि लिहायला लागली. खर्र खर्र.

तीच खरखर. 'मास्क तीनदा मागितला. दिला नाही.' साहेबांना दाखवलं, तळव्यानं पुसलं, पुढचं लिहायला घेतलं. मला तिथं उभं राहवेना. जाऊन बाथरूममध्ये बसले.

२५ मार्च
तपासनीस म्हणतो, "मी व्हिडिओ दिला होता. पुढचं ताईंना विचारा." आणि मी ह्या माणसाला बिनडोक म्हणत होते!

दुपारी साहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. "अपिलात नवा जबाब घेत नाहीत. आपण पाठवू तेच रेकॉर्डिंग धरतात. तुम्ही फक्त नेहमीच्या दाखल्यावर सही करा, की आवाज मूळ जबाबाबरहुकूम आहे. बाकी मी बघतो."

म्हणजे माझी नोकरी वाचेल आणि तिची भरपाई बुडेल. वर मला म्हणाले, "हुशार आहात तुम्ही!" किळस आली. त्यांची कमी, माझी जास्त.

२६ मार्च
दाखल्यावर सही केली नाही. अपिलाच्या कचेरीत गेले आणि माझ्या हातानं लिहून दिलं — बाईंनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. ती सगळी मी पुसली.