जजसाहेबांचं कुंपण

सोमवार, ८ मे १९१६

"प्रुइटबाई, जजसाहेबांचं लिहून ठेवा," व्हॉस म्हणाला. "दोन रकाने. शनिवारपर्यंत."

"का? गेले?"

"नाही हो! पण डॉक्टर सारखा त्यांच्या फाटकातून आत जाताना दिसतोय. उद्या सिनसिनाटीच्या पेपरांकडे सगळं तयार असलं आणि आपल्याकडे नसलं, तर संपादक म्हणून मी तोंड कुठे लपवू? त्यांच्या गावचा पेपर आपला!"

त्याचं बरोबर आहे. मोठ्या माणसाचं मरण अचानक येतं, दोन रकाने अचानक येत नाहीत. लिहायचं, छपाईचे खिळे जुळवायचे, दोरीने बांधून फळीवर ठेवून द्यायचं. तारखेची जागा तेवढी कोरी. असे बरेच लोक मी आधीच मारून ठेवलेत. त्यांतले दोघं तर दर रविवारी चर्चमध्ये भेटतात. प्रकृती ठणठणीत!

पण हे वेगळं. ऑरिन हॅलॉक न्यायाधीश झाले, गव्हर्नर झाले, देशाचे अध्यक्ष झाले — ते सगळं नंतरचं. मला पाटीवर पहिलं अक्षर त्यांनी गिरवायला लावलं होतं. तेव्हा ते एकवीस वर्षांचे मास्तर आणि मी नाक पुसायचं विसरणारी पोरगी.

मंगळवार, ९ मे

नोराला कळलंच. ह्या गावात भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत.

सकाळी पाव कापता कापता म्हणाली, "त्यांचं आयुष्य लिहितेयस म्हणे."

"हं."

"त्यात माझा डॅनी येणार का?"

"दोनच रकाने आहेत, नोरा."

"डॅनी एका ओळीत मावतो."

सुरी थांबली नाही. मी कॉफीत बघत बसले. दहा वर्षं तिच्या घरात भाड्याने राहते आहे, तिच्या हातचं खाते आहे. हा प्रश्न तिने आजवर विचारला नव्हता.

१९०७ साली कॉब खोऱ्यातल्या खाणीत संप झाला. हॅलॉक अध्यक्ष होते. त्यांनी सैन्य पाठवलं. सात माणसं गेली. डॅनी ब्रॅनिगन त्यांतला सगळ्यात लहान — एकोणीस वर्षांचा. आमच्या पेपरात व्हॉसने 'दंगल' असा मथळा दिला, नावं दिली नाहीत. तेव्हापासून नोरा जजसाहेबांच्या घरावरून जाताना समोरच्या फुटपाथने जाते. मान वर करत नाही.

आणि रोज स्वयंपाकघराची खिडकी उघडून टेकू लावते तो त्यांच्याच कुंपणाच्या पट्टीचा! पांढरी, टोकदार. ती लावली नाही तर खिडकी धाडकन खाली येते. १९०४च्या निवडणुकीत हॅलॉक प्रचाराला कुठे गेलेच नाहीत. घरच्या ओसरीवर उभे राहून बोलायचे, आणि देश आगगाडीने ओसरीसमोर यायचा. पाहुणे आठवण म्हणून कुंपणाच्या पट्ट्या उपटून न्यायचे. महिन्याभरात कुंपण संपलं! तेव्हा डॅनीनेही एक आणली.

"चोरून आणलीन म्हणून कानाखाली काढली होती मी," नोरा मागे एकदा म्हणाली होती. "म्हणे, 'मी विचारून आणली, आई.' देशाच्या अध्यक्षाला विचारून! बापासारखाच थापाड्या."

थापाड्या म्हणताना हसली होती.

शुक्रवार, १२ मे

लिहून झालं. कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. शाळामास्तर. रात्री दिव्याखाली कायद्याचा अभ्यास. जिल्ह्याचा न्यायाधीश — त्या काळात खुर्चीखाली कुत्रा झोपलेला असायचा, आणि वकील लांबण लावायला लागला की तो उठून बाहेर जायचा, हे घातलं आहे. गव्हर्नर. मग अध्यक्ष. शेतकऱ्यांचा माल नेण्याचे रेल्वेचे दर त्यांनी बांधून दिले, म्हणून रेल्वेवाल्यांनी दुसऱ्या खेपेला त्यांना त्यांच्याच पक्षाकडून पाडलं. ट्रंक घेऊन घरी आले, ओसरीवरच्या खुर्चीत बसले आणि कुणाबद्दल वाईट बोलले नाहीत.

चांगला माणूस. हे लिहायला मला जोर लावावा लागला नाही.

संपावर एकच ओळ. व्हॉसने ती निळ्या पेन्सिलीने उडवली.

"खरं आहे ते," मी म्हटलं.

"माणूस गेल्या दिवशी त्याच्या अंगणात राख टाकायची नसते, प्रुइटबाई. मी त्यांचा मित्र आहे."

"मी ब्रॅनिगनबाईंच्या घरी जेवते."

"मग जेवा. पेपर मी चालवतो."

रविवार, १४ मे

नोराने रूबार्बच्या आंबट देठांची पाई भाजली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन तुकडे खाल्ले.

बुधवार, १७ मे

जजसाहेबांची टिली कचेरीत आली. ती त्यांचं घर सांभाळते, आणि घराबरोबर त्यांनाही. म्हणाली, "तुम्ही साहेबांचं मरण लिहिलंय ना, ते घेऊन बोलावलंय." खिळे जुळवणाऱ्यापुढेच! तो तोंड फिरवून हसला.

प्रूफ घेऊन गेले. साहेब ओसरीवर, गुडघ्यांवर शाल. हिवाळ्यापासून डावी बाजू लुळी आहे, तोंड थोडं वाकडं झालंय, शब्द ओढत येतात. डोळे मात्र तेच — चुकलेलं गणित पकडणारे.

"ये अ‍ॅडा. मेल्यावर माणसाबद्दल सगळे चांगलं बोलतात, आणि नेमकं तेव्हाच त्याला ऐकू येत नाही. म्हटलं, आधीच ऐकून घ्यावं."

वाचू लागले. मध्येच: "गरिबीत जन्म? अगं, आमच्याकडे गाई होत्या! आई वरून ऐकेल तर तुला चपलेने मारेल."

कुत्र्यापाशी हसले. रेल्वेपाशी मान हलवली. शेवटाला आले, कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. मग माझ्याकडे.

"कॉब खोरं कुठे गेलं?"

"व्हॉसने काढलं."

"तू काय लिहिलं होतंस?"

"संपात सात माणसं मेली."

"मेली नाहीत, पोरी. मारली."

मग चांगला हात उचलून फाटकाकडे केला. फाटकाच्या डावीकडे कुंपणात एका पट्टीची जागा रिकामी आहे. ती सगळ्या गावाला ठाऊक आहे. निवडणुकीनंतर गावच्या सुतारांनी कुंपण नवं करून दिलं, तेव्हा साहेबांनी तेवढं भोक बुजवू दिलं नाही. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा.

"शेकडो लोकांनी माझं कुंपण नेलं, अ‍ॅडा. विचारलं एकानेच. खाणीतला पोरगा, कानामागे कोळसा. म्हणाला, 'साहेब, एक नेऊ का? तुम्ही वॉशिंग्टनहून परत आलात की आणून देतो.' मी म्हटलं, ने, जागा ठेवतो. नाव विचारून घेतलं होतं. डॅनियल ब्रॅनिगन. तीन वर्षांनी कॉब खोऱ्यातल्या मेलेल्यांत ते नाव वाचलं."

पट्टी कुठे आहे ते माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. ते नोराने सांगायचं, मी नाही.

शुक्रवार, १९ मे

शतावरी बाजारात आली. गुडघा दुखतोय. व्हॉस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो.

मंगळवार, २३ मे

साहेबांनी व्हॉसला बोलावलं, मलाही. ती ओळ परत घाल म्हणाले. व्हॉसचे डोळे भरून आले — खरंच! — पण नाही म्हणाला.

"साहेब, तुम्हाला बरं नाही. आजारपणात माणूस स्वतःशी कठोर होतो. मी तुमचं नाव मलिन होऊ देणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी."

"बरं," साहेब म्हणाले. निमूट! मग लेमोनेड मागवलं. हवापाण्याच्या गप्पा. व्हॉस उठताना साहेबांनी सहज त्याला विचारलं: "लेम्युएल, ओसरीवरचा शब्द अजून जसाच्या तसा छापतोस ना?"

"म्हणजे काय! एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही!"

हा व्हॉसचा १९०४पासूनचा नियम. हॅलॉक ओसरीवरून जे बोलतील ते आमच्या पेपरात अक्षरन् अक्षर. त्या भाषणांवरच हा पेपर मोठा झाला. व्हॉसने तो नियम चौकटीत घालून टेबलामागे टांगलाय.

व्हॉस शीळ घालत पायऱ्या उतरला. साहेबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. एका बाजूचाच मिटतो आता.

मंगळवार, ३० मे. डेकोरेशन डे

झोपायच्या आधी आजच लिहून ठेवते.

शिपायांच्या थडग्यांवर फुलं वाहायला निघालेली मिरवणूक नेहमीसारखी. पुढे बँड, मागे यादवी युद्धातले म्हातारे शिपाई — ह्या वर्षी आणखी कमी — मग बायका फुलांच्या टोपल्या घेऊन. दफनभूमीकडे जाताना जजसाहेबांच्या घरासमोर सगळे थांबतात, टोप्या काढतात, साहेब ओसरीवरून चार शब्द बोलतात. शूर, झेंडा, आमेन. मग पुढे.

समोरच्या फुटपाथवर नोरा. दर वर्षी ती मिरवणुकीत न शिरता कडेकडेने जाते. हातात डॅनीच्या थडग्यासाठी लायलॅकच्या फुलांची जुडी. वाट अडली म्हणून थांबली होती, एवढंच.

टिलीने साहेबांना उभं केलं. एका हाताने खांब धरून ते बोलायला लागले. शब्द ओढत, पण स्पष्ट. मी लघुलिपीत उतरवलं, त्यातलंच इथे.

"दर वर्षी मी शूर माणसांबद्दल बोलतो. आज माझ्याबद्दल बोलतो. कॉब खोऱ्यात मी सैन्य पाठवलं. खाणमालकांची तार आली, कामगारांकडे बंदुका आहेत म्हणून. मी जेवायला बसलो होतो. सूप निवायच्या आत सही केली. तार खरी की खोटी, मी कुणालाच विचारलं नाही. बंदुका नव्हत्या."

कुणीतरी खोकलं. म्हातारा कॅप्टन एल्डर ओरडला, "साहेब, आज नको हो!"

"आजच, बेन. आज मेलेल्यांचा दिवस आहे." फाटकाकडे हात केला. "ती रिकामी जागा बघता ना रोज? डॅनियल ब्रॅनिगनची आहे. माझं अख्खं कुंपण लोकांनी नेलं, त्या एका पोराने विचारलं. एका काठीसाठी त्याने मला विचारलं. आणि त्याच्या जिवासाठी मी—"

पुढचा शब्द निघेना. तोंड हलत राहिलं. बँडमास्तर घाबरला, त्याने घाईघाईने कूच सुरू केलं! अर्ध्या लोकांनी टोप्या डोक्यावर घातल्या आणि साहेबांकडे न बघता चालायला लागले. एक बाई म्हणाली, "भ्रमिष्ट झालेत." दुसरी म्हणाली, "मुळीच नाही. तेच तर वाईट आहे."

व्हॉस पांढराफटक पडला होता.

नोराकडे बघायचा मला धीर झाला नाही. बघितलं तेव्हा ती निघून गेली होती. फुटपाथवर लायलॅकची पाकळी-पाकळी सांडली होती.

बुधवार, ३१ मे

छापलं! जसंच्या तसं, पहिल्या पानावर, 'आणि त्याच्या जिवासाठी मी' — पुढे रेघ. व्हॉस चौकटीकडे बघून म्हणाला, "माझ्याच नियमाने माझा गळा धरला, प्रुइटबाई." पण एक शब्द बदलला नाही. हेही लिहून ठेवायला हवं.

गावात दोन तट. दुपारी बघितलं, चांगली चांगली माणसं आता जजसाहेबांच्या घरावरून समोरच्या फुटपाथने जातात.

नोराच्या टेबलावर पेपर उलटा पडला होता.

"वाचलास?"

"नऊ वर्षं लागली माणसाला."

"आणि?"

"आणि काय? अंडी निवतायत तुझी."

मी खाल्लं. ती खिडकीशी पाठमोरी उभी. मग एकदम, मला नव्हेच, काचेला सांगितल्यासारखं म्हणाली, "म्हणजे त्याने खरंच विचारलं होतं."

मी काटा खाली ठेवला.

"मी कानफटात मारली त्याला. खरं सांगत होता गं पोरगा."

शुक्रवार, २ जून

व्हॉसने फळीवरून जुळवलेला मजकूर काढून माझ्यापुढे ठेवला. "घाला तुमची ओळ." घातली. 'मारली' असंच लिहिलं.

शनिवार, ३ जून

टिली म्हणते, साहेब खात नाहीत. ओसरीवर मात्र रोज बसवायला लावतात. भेटायला कुणी येत नाही.

सोमवार, ५ जून

जजसाहेब पहाटे गेले.

नोराचं स्वयंपाकघर धुराने भरलेलं. खिडकी बंद. टेकू जागेवर नाही. विचारलं नाही, टोपी घालून निघाले.

फाटकापाशी पाय थबकला. कुंपणातलं भोक भरलंय. पट्टी धुराने पिवळी पडलेली, खिळे नवे.

टिली दारात रडत उभी होती. म्हणाली, "काल चर्चहून परस्पर आली. शालीखाली पट्टी आणि हातोडा. साहेबांनी मला खुर्ची फाटकापर्यंत न्यायला लावली. त्यांनी चांगल्या हाताने धरली, तिने ठोकली. शब्द नाही! जाताना तेवढं म्हणाली, 'थोडी वाकडी बसली.' साहेब म्हणाले, 'राहू दे.'"

कचेरीत गेले. व्हॉसला म्हटलं, शेवटचा परिच्छेद नवा जुळवायचाय.

"वेळ नाही, प्रुइटबाई."

"आहे," म्हटलं आणि लिहायला बसले.