संध्याकाळची गोळी

घणसोली गाव, रविवार

क्रांतीताई, तुला आणि आईला सप्रेम जय भीम.

माझा खोकला थांबलाय, वजन दोन किलोनं वाढलंय. आईचा गुडघा कसा आहे? तिला इथपर्यंत वाचून दाखव आणि कागद दुमड. तिला टीबीच माहीत आहे, तेवढंच राहू दे.

टीबी म्हटलं की शेजारचे अंडी आणून देतात. एचआयव्हीचं मात्र मी तुझ्याशिवाय कुणाला बोललो नाही. टीबीच्या औषधानं एचआयव्हीच्या औषधाचा जोर कमी होतो, म्हणून सध्या संध्याकाळी आठला एक जादा गोळी असते. त्या वेळी खोलीत माझ्यासोबत राहणारे पोपटकाका असतात. टीबीच्या गोळ्या मी सकाळीच घेतो हे त्यांना माहीत आहे, ही कसली असं विचारतील म्हणून मी ती महिनाभर घेतलीच नाही. दवाखान्यातल्या मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या, तेव्हा पकडला गेलो. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

काल आठ वाजता डबी मुठीत धरून मी नुसताच बसलो होतो. काकांनी तांब्या माझ्यापुढे सरकवला, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "घे रे. माजं लक्ष नाय."

घेतली, ताई.

तुझा,
प्रितम