बंडूची तार

पुणे, ९ जुलै १९७४

तीर्थरूप बाबांस प्रभावतीचा जयभीम.

“बंडू सीरियस, ताबडतोब ये” अशी तार कोणी कुत्र्यासाठी करतं का? प्रयोगशाळेत सगळ्यांनी मला बसवून पाणी पाजलं. चौदा वर्षांचा कुत्रा थकणारच.

आई म्हणेल, “मंग काय झालं? पोरीचा जीव हाय त्याच्यात.” म्हणून मला असं घाबरवायचं?

शनिवारी सकाळी टेंभुर्णीला पोचते. तोवर त्याला दुधात कुस्करलेली भाकरी द्या. लाडाने हाड बिलकुल देऊ नका. आईचे गुडघे कसे आहेत?

साहेबांनी विचारलं, “बंडू कोण तुमचा?” मी “घरचाच” म्हणाले. त्यांनी रजेच्या अर्जावर ‘भाऊ’ असं लिहिलं. मी ते खोडायला सांगितलं नाही.

तुमची,
प्रभा